गाल्दोसच्या बायका: चार कादंबऱ्या, एक उकललेलं पुस्तक आणि पैशांचे हिशेब

आधीच सांगून ठेवते, पुढे सगळ्यांचे शेवट फोडलेत. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा, मग मला बोल लावू नका.

तर बेनितो पेरेझ गाल्दोस, स्पेनचा कादंबरीकार. जन्म १८४३ चा, कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासचा, आणि गेला १९२० ला माद्रिदमध्ये. जन्मभर लग्न केलं नाही, घरात बहिणी, आणि कादंबऱ्या बघाव्यात तर एकामागून एक बाईच्या नावाच्या, दोन्या पेर्फेक्ता (दोन्या म्हणजे आपल्याकडे नावाला बाई लावतो तसं), मारियानेला, त्रिस्ताना, फोर्तुनाता आणि हासिंता. मला नेमकी हीच खाज होती की एकोणिसाव्या शतकातला एक पुरुष एवढ्या बायका लिहितो तर त्या बायका वाटतात का, का बायकांचे कपडे घातलेल्या त्याच्याच कल्पना वाटतात. चार कादंबऱ्या मागवल्या, सगळ्या इंग्रजी अनुवादातून, स्पॅनिश मला नमस्कार-चमत्काराएवढंच येतं. वाचायला पाच महिने लागले. आणि मी दिवसभर लोकांच्या खात्यांचे हिशेब जुळवते म्हणून असेल कदाचित, पण दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या बायका प्रेमात पडलेल्या असतात तेव्हा ठीकठाक असतात, पण पैसे मोजायला बसल्या की एकदम जिवंत होतात. तेव्हापासून मी पेन्सिल घेऊनच वाचलं, कुणाच्या हातात किती आहे, कुणी दिलं, परत कधी मागणार.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली, त्रिस्तानापासून. १८९२ ची, छोटीशी, वाटलं दोन दिवसांत होईल. झालीही, पण संपल्यावर मी पुस्तक पलंगावर आपटलं.

गोष्ट अशी. डॉन लोपे नावाचा एक उतारवयातला सरदारी थाटाचा गृहस्थ, वय सत्तावन्न पण स्वतः एकोणपन्नासच सांगतो (हे वाचूनच मी ओळखलं काय नग आहे ते). मित्र कर्जात बुडाला तेव्हा याने स्वतःची मालमत्ता विकून त्याला सोडवलं, मित्र गेला, मग मित्राची बायको गेली, आणि मरताना मुलगी याच्या हवाली केली. दोन महिन्यांत याने त्या मुलीला नासवली. म्हणजे एका हाताने उपकार आणि दुसऱ्या हाताने वसुली. आणि गाल्दोस हे असं सांगतो की लोपेचा राग येता येता थोडं हसूही येतं, आणि मग आपल्याला हसू आलं याचाच राग येतो. मुलगी एकवीस-बावीसची होते आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरे, मी या घरात आहे कोण? मुलगी नाही, बायको नाही, मोलकरीणही नाही. इथे घरातल्या कामवालीशी, सातुर्नाशी, तिचं बोलणं आहे ते सोन्याच्या मोलाचं. सातुर्ना म्हणते की परकर घालणारीला तीनच धंदे, एक लग्न, दुसरं नाटकात काम, आणि तिसरा मी तोंडाने बोलत नाही, तुम्ही समजून घ्या. त्यावर त्रिस्ताना म्हणते की मग बायकांनी डॉक्टर, वकील का होऊ नये, निदान औषधांच्या दुकानात तरी बसू द्या. तिला हवंय मानाने राहणं आणि तरी कुणाची न होणं. तिचा चित्रकार प्रियकर ओरासियो हे ऐकतो आणि आतून चरकतो, तोंडावर बोलत नाही पण त्याला मनातून चूल, अंगण, पोरंबाळं हवीत. तो पुढे मावशीबरोबर समुद्रकाठच्या गावी जातो, इकडे ही त्याला पत्रं लिहिते आणि पत्रांतून त्याला इतकं मोठं, इतकं उंच करत जाते की शेवटी तिला त्याचा चेहराच आठवेना होतो! हे मला प्रचंड आवडलं, लांबच्या माणसाशी नुसतं लिहून बोलणाऱ्याला हे पटेलच.

आणि मग लेखक काय करतो? तिच्या पायात गाठ आणतो आणि पाय कापतो. झालं. नाटकात जायचं स्वप्न गेलं, चित्रकार येऊन बघून गेला, वर डॉन लोपेच्या नातलगांनी अट घातली की लग्न करशील तर इस्टेट देऊ, म्हणून शेवटी हिचं लग्न त्याच म्हाताऱ्याशी. तो कोंबड्या पाळतो, ही केक-बिस्किटं करायला शिकते, आणि शेवटची ओळ, दोघं सुखी होते का? कदाचित. असं म्हणून हा माणूस मोकळा.

मी एकटीच चिडले नाही हे नंतर कळलं. एमिलिया पार्दो बासान, स्वतः मोठी कादंबरीकार, गाल्दोसची काही काळची प्रेयसीसुद्धा, तिने त्याच वर्षी लिहिलं होतं की कादंबरी सुरुवातीला एक मोठा विषय दाखवते, बाईचं जागं होणं, आणि मग तो विषय हातातून सोडून देते. बाई खमकी होती. गाल्दोसला स्पॅनिश अकादमीने १८८९ मध्ये निवडून घेतलं, हिला मात्र बाई म्हणून कधीच घेतलं नाही. तेव्हा तिच्या चिडण्याला वजन आहे. आणखी एक गोष्ट कळली ती जास्त टोचली. त्रिस्तानाच्या पत्रांमागे कोंचा रुथ मोरेल नावाच्या खऱ्या बाईची पत्रं आहेत. ती नटी होती, गाल्दोसशी तिचं प्रकरण होतं, आणि तिलाही स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. म्हणजे पुस्तकातली सगळ्यात जिवंत भाषा एका बाईकडून आलेली, आणि कुऱ्हाड मात्र लेखकाची.

आता थोडं उलट बाजूनेही बोलते, कारण राग उतरल्यावर मी पुन्हा चाळलं. त्या वेळच्या स्पेनमध्ये १८८९ चा नागरी कायदा होता, त्यात स्पष्ट लिहिलेलं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. विद्यापीठात बायकांना खास परवानगीशिवाय नाव घालता यायला लागलं ते १९१० मध्ये. मग १८९२ मध्ये त्रिस्ताना डॉक्टर होणार होती कशी? तिच्याकडे दमडी नाही, कागद नाही, बापाची ओळख नाही. पाय कापायची गरजच नव्हती हो, पायाआधीच सगळं कापलेलं होतं. माझं म्हणणं एवढंच की मग ते तसं दाखवायचं ना, गाठ कशाला आणायची? गाठ आली की दोष कुणाचाच राहत नाही. लुईस बुन्युएलने १९७० मध्ये यावर सिनेमा केला, कॅथरीन दनव या नटीला घेऊन आणि गोष्ट तोलेदोला नेऊन, त्यात शेवटी त्रिस्ताना म्हाताऱ्याला मरू देते, डॉक्टरला फोन लावल्याचं नुसतं नाटक करते आणि बर्फाळ रात्री खिडकी उघडते. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मोठं पुस्तक उचललं. फोर्तुनाता आणि हासिंता, १८८७, चार भाग, माझी प्रत आठशेच्या वर पानांची आणि तिसऱ्या भागात पाठीपासून उकलली, ज्यांनी पाठवली त्यांना कळवलं तर उत्तरच नाही, शेवटी रबर लावून वाचली. (नावाचा उच्चार हासिंता, जासिंता नव्हे, मी शंभर पानं चुकीचा करत होते.)

हुआनितो सांता क्रूझ, कापडवाल्या श्रीमंत घरचा एकुलता एक लाडोबा. त्याची बायको हासिंता, नात्यातलीच, गोड, आणि मूल होत नाही. आणि त्याची दुसरी, फोर्तुनाता, वस्तीतली, अडाणी, देखणी. तिची पहिली भेट सांगते, कारण अख्ख्या पुस्तकात मला ती सगळ्यात लख्ख आठवते. माद्रिदमध्ये प्लासा मायोरच्या मागे कावा दे सान मिगेल नावाची गल्ली, तिथल्या अकरा नंबरात हुआनितो एका आजारी ओळखीच्याला भेटायला जिना चढतोय. खाली कोंबड्यांचं दुकान. जिन्यावर एका दारात डोक्याला फिकट निळा रुमाल आणि खांद्यावर शाल घेतलेली मुलगी उभी, याला बघून अंग असं फुगवते की कोंबडीच. हातात काहीतरी. काय खातेस विचारलं तर म्हणते दिसत नाही का, अंडं. कच्चं, बोटांतून तो चिकट बलक ओघळतोय, आणि ती बिनधास्त याच्यापुढे धरते, घेणार का? याला शिसारी येते. ती उरलेलं अंडं चोखून टाकते, खालून कुणीतरी हाक मारतं, ती किंचाळून ओ देते आणि जिना उतरून खाली पळते. बस, एवढंच. आणि यानंतर ती जवळपास अख्खा पहिला भाग गायब!

हा गायबपणा आधी मला खटकला. कारण मधली सगळी कहाणी आपण ऐकतो ती हुआनितोच्या तोंडून, मधुचंद्राला, बायको थोडं थोडं काढून घेते आणि हा थोडं थोडं सांगतो, रंगवून, स्वतःला सोडवून, आणि सेविल्लाला दारू पिऊन सगळं ओकून टाकतो. म्हणजे नायिका कोण तर जिच्याबद्दल तिच्या माघारी बोललं जातं ती. पण पुढे वाचताना वाटलं की हेच तर बरोबर आहे, तिच्यासारखीची गोष्ट तेव्हा अशीच पोचणार, कुणाच्या तरी नवऱ्याच्या तोंडून. आणि त्याच प्रवासात बार्सेलोनाच्या गिरण्या बघताना हासिंताला तिथल्या कामगार मुलींबद्दल पोटात तुटतं, की या अशाच राबणार आणि कुणीतरी नादाला लावलं की जाणार. तिला अजून फोर्तुनाताचं पूर्ण माहीत नाही आणि ती तिच्याबद्दलच बोलतेय. हे लेखकाने हळूच सरकवलंय, मला दुसऱ्या वाचनात दिसलं.

फोर्तुनाताला मग सुधारायचा सगळ्यांनी चंग बांधलाय. माक्सी नावाचा औषधशास्त्र शिकणारा किडकिडीत पोरगा तिच्यावर जीव टाकतो, तिला लिहायला-वाचायला शिकवायला बसतो, घरचे तिला मठात टाकतात शुद्ध होऊन यायला, मग लग्न लावतात. आणि लग्न झाल्या झाल्या हुआनितो शेजारचं बिऱ्हाड घेऊन हजर. तेव्हाचा कायदा बघा, १८७० ची दंडसंहिता, बायकोने बाहेर काही केलं की तो गुन्हाच, आणि नवऱ्याने केलं तर बाई घरात आणून ठेवली किंवा गावभर बोभाटा झाला तरच. हुआनितो बोभाटा होऊ देत नाही. हुशार मुलगा.

तर या सुधारकांत मला सगळ्यात आवडला तो फेइहो, निवृत्त कर्नल, म्हातारा. हुआनितोने दुसऱ्यांदा टाकल्यावर हा तिला सांभाळतो आणि व्यवहार शिकवतो, त्या प्रकरणाचं नावच व्यावहारिक तत्त्वज्ञानाचा पाठ असं आहे. मनात काय वाटेल ते वाटू दे पण बाहेरून रीत सांभाळ, हातात पैसा ठेव. स्वार्थी आहेच तो, पण सगळ्या पुस्तकात तिला पैशाबद्दल सरळ बोलणारा एकच. दुसरी दोन्या लुपे, माक्सीची आत्या, टोपणनाव टर्कीवाली, व्याजाने पैसे लावते, एक स्तन गाठीमुळे काढलेला आणि तिथे कापूस भरलेला. ही बाई खलनायिका होऊ शकली असती. होत नाही. फोर्तुनाताचे पैसे आपल्या हाताखाली आले की तिच्या तोंडावरचं ते समाधान! सुनेच्या अब्रूबद्दल तिचं मत तिच्या ठेवीच्या आकड्याबरोबर वर-खाली होतं. अशी माणसं रोज माझ्या टेबलासमोर बसतात.

तक्रार आहे ती अशी की फोर्तुनाता बोलते तेव्हा बाई असते, पण लेखक तिच्याबद्दल बोलायला लागला की ती जनता होते. कोंबडी, कबुतर, मग खाणीतला दगड ज्यातून बाकीचे पुतळे करतात. बरं वाटतं का असं कुणाला? ती स्वतःच्या डोक्याने एक भयंकर विचार काढते, जी मूल देते तीच खरी बायको, कागदावरची नाही. हे ती त्या धर्मादायवाल्या गियेर्मिनाबाईंसमोर बोलून टाकते आणि दाराआड लपून हासिंता ऐकतेय, ती ताडकन बाहेर येते. तीन बायका, एक खोली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो तिथे नाहीच. पंचवीस-तीस पानं असतील, मी जेवण थंड करून वाचली. शेवटी फोर्तुनाता बाळंत होते, त्याच कावा दे सान मिगेलच्या घरात, कच्च्या अंगाने भांडायला धावत जाते, रक्तस्राव होऊन मरते, आणि मरता मरता चिठ्ठी सांगून बाळ हासिंताला देते. हासिंता बाळ घेते आणि नवऱ्याला मनातून काढून टाकते. दोन बायकांनी परस्पर व्यवहार केला आणि पुरुष जमाखर्चातून बाद. मात्र त्यासाठी एकीला मरावं लागलं, आणि श्रीमंत घराला वारस मिळाला, हे विसरून मी रडले नाही.

तिसरी ब्रिंगासबाई, १८८४. चारांत सगळ्यात मजा हिच्यात आली. १८६८ चा काळ, राणी इसाबेलाचा राजवाडा, वरच्या मजल्यांवर नोकरदारांची बिऱ्हाडं, जणू गावच. रोसालिया ब्रिंगासचा नवरा कवडीचुंबक, पेटीत पैसे साठवतो, आणि हिला कपड्यांचं वेड. एका दुकानात एक खांद्यावरची कापडी केप बघते आणि संपलं, मग उधारी, मग गहाण, मग सावकार. नवऱ्याला एक छंद, केसांपासून चित्र करतोय, बारीक काम करता करता त्याची दृष्टी जाते काही दिवस. आणि ही त्याच्या पेटीतल्या नोटा काढून जागी तसल्याच आकाराचे कागद ठेवते, कारण तो आता हाताने चाचपून बघतो. मी मोठ्याने हसले आणि लगेच पोटात गोळा आला, की याला दिसायला लागलं तर? पैशासाठी एका बड्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडते, त्याच्याकडे देण्यासारखं काही नसतंच, मग जिला आयुष्यभर खालची समजली त्या रेफुहियोकडे हात पसरायला जाते आणि ती हिला तास न तास नाचवते, आणि वर सांगते की तुझ्या मैत्रिणी तुला पाठीमागे कुर्सी म्हणतात. कुर्सी म्हणजे ऐपत नसताना थाट करणारी, आव फार आणि हातात काही नाही. त्या शब्दाने ती जितकी मोडते तितकी अब्रू गेल्याने मोडत नाही.

पण इथेही शेवटी एक खोड. गोष्ट सांगणारा माणूस त्याच माद्रिदमधला कुणी ओळखीचा आहे, आणि शेवटच्या ओळींत तो सुचवतो की ही माझ्याकडेही आली होती आणि मी प्रकरण वाढू दिलं नाही, कारण तिने घर चालवावं हे ठीक पण मी का चालवावं. म्हणजे इतकी पानं जो हिचे दोष मोजत होता तो स्वतःच गिऱ्हाईक! काहीजणांना हा चावटपणा वाटेल. मला वाटतं पुरुष लेखकाने पुरुष निवेदकाला दिलेली यापेक्षा चांगली थप्पड मी वाचली नाही, आणि त्रिस्तानासाठी त्याला थोडं माफ केलं.

मिसेरिकोर्दिया, १८९७, हिच्यावर फार लिहीत नाही कारण ती वाचायचीच. बेनिना, साठीची मोलकरीण, मालकीणबाई दोन्या पाका कंगाल झाल्यात आणि हे त्यांना कळू नये म्हणून ही चर्चच्या दारात भीक मागते आणि घरी सांगते की डॉन रोमुआल्दो नावाच्या पाद्रींकडे स्वयंपाक करते. असा कुणी पाद्री नसतोच. आणि मग एक दिवस तो खरोखर येतो! बेनिना संत नाही, आयुष्यभर बाजारहाटातून पैसे मारत आलीय, आणि ते साठवलेले चोरीचे पैसेच मालकिणीच्या पोटात जातात. एका दुरोसाठी, म्हणजे पाच पेसेतांसाठी, तिची जी वणवण आहे ती वाचताना मला माझ्या पर्समध्ये हात घालून बघावंसं वाटलं. घरात वारसा येतो आणि पहिलं काय होतं तर बेनिनाला दाराबाहेर. इथे गाठ नाही, रक्तस्राव नाही, कुणी कुऱ्हाड चालवत नाही. पैसे आले म्हणून गेली. हे त्याला पाच वर्षांआधी त्रिस्तानाच्या वेळी का नाही सुचलं कुणास ठाऊक.

अनुवादाबद्दल. त्रिस्ताना मार्गारेट जल कोस्टाची घ्या, लोण्यासारखी आहे, पत्रांतला पोरकटपणा पण उतरलाय. मोठी अॅग्नेस मॉन्सी गुल्लोनची आहे, चांगली आहे पण पहिली शंभर पानं कापडव्यापाऱ्यांची वंशावळ, कोण कुणाचा चुलतभाऊ, कुठली शाल कुठल्या साली चालायची, तिथे मी दोनदा सोडली. सोडू नका, ओलांडून जा, नावं लक्षात नाही राहिली तरी चालतं, अंडं येईपर्यंत दम धरा. आणि फोर्तुनाताची गावठी बोली इंग्रजीत निम्मी मेलीय, ती ओरडून ओ देते ते स्पॅनिशमध्ये काय कानाला लागत असेल.

क्रम माझा ऐकाल तर आधी ब्रिंगासबाई, मग मिसेरिकोर्दिया, मग सुट्टी काढून मोठी, आणि त्रिस्ताना सगळ्यात शेवटी, म्हणजे आपटाल तरी का आपटतोय ते माहीत असेल. साडेचार तारे ब्रिंगास आणि मोठीला, मिसेरिकोर्दियाला पाच, त्रिस्तानाला तीन, त्यातले दोन सातुर्नाचे.

बाय द वे, स्पेनने १९७९ मध्ये काढलेल्या हजार पेसेतांच्या नोटेवर याच गाल्दोसचं चित्र होतं. बेनिनाला अशा नोटेत दोनशे दुरो मिळाले असते, मी लगेच हिशेब केला.

आता ला देसेरेदादा सुरू केलीय, १८८१ ची, नायिका इसिदोरा रुफेते. बाप वेड्यांच्या इस्पितळात, पोरीची खात्री की आपण मार्किझच्या घरातल्या, आणि पाद्री काकांनी पाठवलेले पैसे ती दुकानांत उडवायला लागलीय. साठ पानं झालीत, मी पेन्सिल काढून बसलेय.